कट्यारीचं टोक

माझा सगळा जन्म धार लावण्यात गेला. देवासच्या एका कारखान्यात मी टूल ग्राइंडर आहे. म्हणजे लेथवर आणि मिलिंगवर चालणारी कटर बोथट झाली की ती माझ्या टेबलावर येतात, आणि मी त्यांना कामाजोगी करून परत पाठवतो. वडीलही हेच करायचे. महाराष्ट्रातून ते इथं येऊन कामाला लागले तेव्हा मी रांगत होतो. घरची विळी, अडकित्ता, कात्र्या, शेजारच्या चार घरांच्या सुऱ्या, सगळं माझ्याकडे. कुणाकडे जेवायला गेलो आणि घरची बाई बोथट सुरीनं टोमॅटो चिरडताना दिसली की माझं डोकं फिरतं. 'तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, नुसत्या सुऱ्या दिसतात,' असं बायको म्हणते. ते फारसं खोटं नाही.

बायको धारची. गावाचं नाव धार आणि माझा धंदा धारेचा, ह्यावर आमच्या लग्नात सगळ्यांनी पोटभर विनोद करून घेतलेत, तेव्हा मी करत नाही. तिचे पूर्वज संस्थानच्या नोकरीत होते. पुढे संस्थान गेलं आणि घरात मास्तरकी आली. माझे सासरे इतिहासाचे शिक्षक. मनावरला, अमझेऱ्याला नोकरी करून शेवटी धारलाच निवृत्त झाले. मराठी अशी बोलतात की त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही. आम्ही देवासचे लोक निम्मी मराठी, निम्मी हिंदी बोलतो आणि आपण काय बोललो हे आमचं आम्हालाही कळत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "आबा, मी जरा नहाऊन येतो, फिर खाना खाऊ." ते हसले नाहीत. "अवश्य," म्हणाले. त्या एका 'अवश्य'खाली मी सत्तावीस वर्षं दबून होतो.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. बायको एकुलती एक. मागच्या वर्षी सासऱ्यांनी ऐंशी ओलांडली आणि काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले. उजेड कळायचा, माणूस आकारानं कळायचा, चेहरा नाही. तशात धारला ते एकटे राहत होते. सकाळी एक बाई येऊन दोन वेळचं करून जायची. आज गॅस चालूच राहिला, परवा पायरीवरून पाय घसरला, अशा बातम्या आम्हाला फोनवर कळायच्या, त्याही शेजाऱ्यांकडून. बायकोला एकच ध्यास लागला होता, आबांना देवासला आणायचं. आणि आबांचं एकच उत्तर होतं, बाप लेकीच्या घरी राहत नसतो. त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आमच्याकडे ते आजवर आले ते सकाळच्या बसनं, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन, आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले. आमच्या मुलीच्या बारशालासुद्धा तसेच. डोळे अधू व्हायला लागल्यापासून तीन वर्षं बायको त्यांच्यापुढे रडली, चिडली, अबोला धरून बसली. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाळ, माझी बस चुकेल."

त्यांच्या देवघरात एक कट्यार असते. दोन आडव्या दांड्यांची मूठ, दीड वीत पातं. मूठ घट्ट धरायची आणि ठोसा मारावा तशी समोर खुपसायची. किती जुनी आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सासरे म्हणतात, लोक चिलखत घालून लढायचे तेव्हाची. आमच्या लग्नात ती माझ्या हातात होती. नवरदेवानं हातात कट्यार धरायची आणि टोकाला लिंबू खोचायचं, नजर लागू नये म्हणून. आमच्या घरात कट्यार कुठून असणार, वडिलांकडे मायक्रोमीटर होता. तेव्हा मुलीकडच्यांनीच त्यांची दिली. मी लिंबू खोचायला गेलो तर ते जाईना. जोर केला तर फुटलं आणि रस माझ्या नव्या सदऱ्यावर उडाला. मुलीकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्या टोकाकडे नीट पाहिलं. टोकाजवळ पातं निमुळतं व्हायचं सोडून उलट जाड झालं होतं, गाठ आल्यासारखं. आणि कडांनी साधा कागद कापला गेला नसता. बोहल्यावर उभे राहून लोक अंतरपाटाकडे बघतात. मी कट्यारीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, कोणी केलंय हे काम? माझ्याकडे द्या, दाखवतो.

ती संधी मागच्या वर्षी आली. पावसाळा संपता संपता सासऱ्यांचा फोन आला. कट्यारीला गंज चढलाय, बोटांना खरखर लागते, खंडेनवमीच्या आत काढून द्याल का. सत्तावीस वर्षांत त्यांनी मला आपणहून सांगितलेलं हे पहिलं काम. मी रविवारीच धारला गेलो. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी कट्यार माझ्या हातात दिली.

"फक्त गंज, जावईबापू," ते म्हणाले. "बाकी काही नको."

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, नीट ऐकूनच हो म्हणालो होतो.

पण आमच्या घरची एक रीत आहे. खंडेनवमीला लोक शस्त्रांची पूजा करतात. आमची शस्त्रं म्हणजे अवजारं. वडिलांचा नियम होता की बोथट वस्तू पाटावर ठेवायची नाही. अष्टमीला घरातलं झाडून सगळं धारेचं सामान बाहेर निघायचं, पटाशा, रंधे, कात्र्या, विळी, आणि धार लावून, तेलाचा हात फिरवून नवमीला पाटावर मांडलं जायचं. बोथट हत्यार देवापुढे ठेवणं म्हणजे देवाला उष्टं ताट वाढणं, असं ते म्हणायचे. हे माझ्या हाडात भिनलंय. गंज काढून झाला, कट्यार चकचकीत होऊन समोर पडली, आणि ती तशीच परत नेणं मला काही जमेना.

घरामागच्या पडवीत माझा छोटा ग्राइंडर आहे. हलक्या हातानं, दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवत मी काम केलं, कारण पोलाद तापलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. दोन्ही कडा वस्तऱ्यासारख्या झाल्या. टोकाची ती गाठ कुणा अडाणी लोहाराची चूक, असं मी सत्तावीस वर्षं धरून चाललो होतो. ती उडवली आणि टोक सुईसारखं केलं. मनगटावरचे केस काढून पाहिले. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून चिरून पाहिला. मग बायकोला हाक मारली.

"आबांनी धार लावायला सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"सांगितलं नव्हतं. पर खूश हो जाएंगे, बघ तू."

तिचाही त्या दिवसावर डोळा होता. पूजा झाली, आबांचं मन प्रसन्न असलं की देवासला यायचा विषय पुन्हा काढायचा, आणि ह्या वेळी तो माझ्या तोंडून निघायचा, असं तिनं ठरवलं होतं. लेकीला नाही म्हणता येतं, जावयानं हात धरून विनवलं तर कदाचित म्हणता येणार नाही. त्यात माझ्या कामावर खूश असले तर सोन्याहून पिवळं.

खंडेनवमीला आम्ही दोघं सकाळीच धारला पोचलो. बायकोनं पाट मांडला, झेंडूच्या माळा केल्या. सासरे सोवळं नेसून बसले आणि त्यांनी हात पुढे केला. दरवर्षी पूजेआधी ते कट्यार हातात घेऊन पात्यावरून अंगठा फिरवतात, मुठीपासून टोकापर्यंत. मला ते माहीत होतं, तरी त्या क्षणी डोक्यात आलं नाही. मी "आबा, जरा जपून" म्हणेपर्यंत अंगठा कापला होता. जखम लहानच होती, पण रक्त आलं. बायको हळद आणायला धावली. त्यांचं रक्ताकडे लक्षच नव्हतं. ते टोक चाचपत होते. दात पडला की जीभ सारखी तिथंच जाते, तसा त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा तिथं जात होता.

"इथं एक गाठ होती," ते म्हणाले.

"काढली, आबा. टोक साफ केलं."

ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मेहनत घेतलीत." कट्यार पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आरती केली. पानावर बसून दोन घास कसेबसे खाल्ले. ते ओरडले असते तर मला परवडलं असतं. मी तापट माणूस आहे, मला ओरडणं कळतं. हे असं गप्प राहणं मला सोसत नाही.

देवासचा विषय अर्थातच निघाला नाही. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसली. इंदूर आलं तेव्हा एकदाच बोलली, "आज आपण कोणत्या तोंडानं विचारणार होतो?" घरी येऊन मी ग्राइंडरवर पोतं टाकून ठेवलं. मला माझ्या हातांची लाज वाटत होती.

दसरा झाल्यावर रजा टाकून मी एकटाच धारला गेलो. सासरे ओट्यावर उन्हात बसले होते. मी पायावर डोकं ठेवलं. "गलती झाली, आबा," म्हणालो. माफीचा दुसरा शब्द मला त्या वेळी सुचला नाही.

"आत या," ते म्हणाले. "कट्यार काढा. आणि फडताळातली जुनी गोधडी आणा."

त्यांनी गोधडीची आठपदरी घडी करून पाटावर ठेवायला लावली. मग म्हणाले, "मूठ धरा आणि खुपसा. जोरात."

मी खुपसली. गोधडीतून ती अशी गेली की मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली. मग ती खाली पाटाला लागली. ओढून काढली तर टोक नखाएवढं वळलं होतं. सासऱ्यांना दिसत नव्हतं, पण माझ्या गप्प राहण्यावरून त्यांना कळलं.

"कापायचं हत्यार वेगळं आणि खुपसायचं वेगळं," ते म्हणाले. वर्गात शिकवत असावेत तसा त्यांचा आवाज झाला. "तलवार ओढत न्यायची असते, तिला धार लागते. हिच्यामागे माणसाच्या सगळ्या अंगाचा जोर असतो, तो जोर टोकानं सोसायला हवा. कापसाच्या जाड बंडीतून जायला टोक तिखट लागतं, खरं आहे. पण बंडीवर कड्यांचं चिलखत असे. त्याच्या कडीत टोक शिरायला हवं आणि आत शिरून कडी फुटायला हवी, टोक नव्हे. म्हणून तिथं गाठ ठेवीत. टोक इतकंच अणकुचीदार असावं की लागल्या जागी धरेल, घसरणार नाही. त्यापुढची धार ही करणाऱ्याची हौस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हे मला ठाऊक होतं! आमच्याकडे सेंटर पंच असतो, लोखंडावर हातोडीनं ठोकून खूण करायची खुंटी. तिचं टोक आम्ही मुद्दाम बसकं, जाड ठेवतो. कुणी नवा माणूस ते सुईसारखं घासून आणतो, पहिल्या ठोक्यालाच त्याचा तुकडा उडतो, आणि मग त्याला सगळ्या टूलरूमसमोर "अरे भिया, इससे स्वेटर बुनेगा क्या?" असं विचारणारा माणूस मीच. गोणी शिवायला दाभण घेतात, ब्लेड नाही, हे सोनकच्छच्या मंडीतला कुठलाही हमाल सांगेल. आणि मी तीस वर्षं ह्या कामात घालवून एका शहाण्या लोहाराला अडाणी ठरवलं होतं.

"दुरुस्त होण्याजोगी आहे का?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. काढलेलं लोखंड परत चिकटत नाही. पात्याच्या मधोमध एक जाड शीर आहे, ती जिथं भरीव आहे तिथपर्यंत मागं यावं लागेल आणि तिथं नवं टोक घडवावं लागेल. कट्यार बोटाच्या पेराएवढी आखूड होईल.

"होऊ द्या," ते म्हणाले. "मीही आखूड झालोच आहे की."

अडचण वेगळीच होती. जुनं टोक नेमकं कसं होतं? मी फोटो मागितला. कट्यारीचा सगळ्या घराण्यात एकच फोटो निघाला, आमच्या लग्नातला, आणि त्यात टोकावर लिंबू! आम्ही दोघंही हसलो. पहिल्यांदाच एकत्र हसलो असू. मग माझ्या लक्षात आलं की ते टोक ओळखणारं ह्या जगात एकच गोष्ट उरलीय, ती म्हणजे त्यांचा अंगठा.

"आबा, मग तुम्हालाच देवासला यावं लागेल," मी म्हणालो. देवाशपथ सांगतो, तेव्हा माझ्या मनात बायकोचा हट्ट नव्हता, नुसतं काम होतं. माझा व्हाइस तिथं, दगड तिथं, दिवा तिथं.

"सकाळी येईन, संध्याकाळी परत."

"नाही जमणार. मशीन आता लावायचंच नाही. हातानं करायचं, ऑइलस्टोनवर. चार घासे मारले की तुमचा अंगठा, परत चार घासे. तीन-चार दिवस लगातार."

"सलग," त्यांनी दुरुस्त केलं.

"हो, सलग."

बखळीत कबुतरं घुमत होती. शेवटी म्हणाले, "चार दिवस."

ते आले ते दोन पिशव्या घेऊन. एकीत धारच्या पाण्याच्या चार बाटल्या. दुसरीत शिधा; तांदूळ, तुरीची डाळ, कणीक, गूळ, तेलाची छोटी बाटली. बायको एकेक वस्तू बाहेर काढत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

"आबा, मीठसुद्धा?"

"मीठ तर आधी," ते म्हणाले.

ती आत जाऊन भांडी आपटत राहिली. पण त्यांच्या शिध्याचा कुकर तिनं वेगळा लावला. तिच्या घरी बाप मुक्कामाला आला होता, आणि त्यासाठी तिनं दगडांचासुद्धा कुकर लावला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या संपल्या. मी कानस खाली ठेवून वाट पाहत राहिलो. बायको दारात उभी होती, तिच्या हातात रिकामा पेला.

"तुमच्याकडे नळाला पाणी कुणाचं येतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नगर निगमचं."

"म्हणजे सरकारी."

"हो. सरकारीच."

"सरकारचं पाणी प्यायला हरकत नाही. आमच्या घराण्यानं सरकारची चाकरी केलेली आहे." आणि त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला.

पडवीत आमचं काम पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं. व्हाइसच्या जबड्यात, तांब्याच्या पट्ट्यांमध्ये आवळून धरलेली कट्यार, शेजारी खुर्चीत सासरे. आधी मला दोन्ही कडांची धार मारायची होती. सांगायला सोपं आहे. मी जाणूनबुजून एखादी वस्तू बोथट केली अशी आयुष्यातली ती पहिली वेळ. हात चालेना. "मारा," सासरे म्हणायचे, "तिला नकोच आहे ती." कडा मेल्या. मग वळलेलं टोक कापलं आणि जाड शिरेपाशी चौपैलू टोक घडवायला घेतलं. चार घासे मारून मी व्हाइस सैल करायचो आणि कट्यार त्यांच्या हातात द्यायचो.

"उजवीकडचा पैलू अजून वर आहे," ते म्हणायचे. मी कॅलिपर लावून पाहायचो. केसाएवढा फरक, पण असायचा. मी उपकरणांवर जगणारा माणूस. त्यांच्या अंगठ्यापुढे मी कॅलिपर खिशात ठेवून दिला.

काम करता करता बोलणं व्हायचं. अमझेऱ्याच्या शाळेत ते कट्यार वर्गात न्यायचे. एका मुलीनं विचारलं होतं, सर, हिनं कुणाला मारलंय का? "मला उत्तर देता आलं नाही," ते म्हणाले. "एवढं जपायचं, फुलं वाहायची, आणि ती कुणाच्या बरगडीत शिरली होती ते ठाऊक नाही. त्या दिवसापासून नमस्कार करताना त्या माणसालाही करतो." माझ्या वडिलांबद्दल त्यांनी विचारलं, त्यांचे हात कसे होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वडिलांच्या हातांबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मी तासभर सांगत बसलो, निम्मं हिंदीत, आणि त्यांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा लळा लागला.

चौथ्या दिवशी बाजारातून मी किल्ल्यांच्या पोलादी कड्या आणल्या आणि एकीत एक गुंतवून तळहाताएवढं चिलखत केलं. ते गोधडीवर पसरलं. बायको म्हणाली, "ही माझी चांगली गोधडी आहे," पण तिथून हलली नाही. मी मूठ धरली, श्वास घेतला आणि खुपसली. एक कडी फाकली, टोक गोधडीत शिरलं. ओढून काढलं तर जसंच्या तसं. "आबा, घुसली!" मी ओरडलो. त्यांचा हात धरून मी त्या फाकलेल्या कडीवर ठेवला. ते ती कितीतरी वेळ चाचपत राहिले. "लोहाराचा मान राहिला," म्हणाले.

चार दिवस झाले, पाच झाले. टोकाला थोडी सफाई बाकी होती. शिध्याची पिशवी मात्र काही रिकामी होईना. बायको आमच्या डब्यातली कणीक तिच्यात ओतत असताना मी एकदा पाहिलं. तिनं डोळे वटारले, मी मुकाट बाहेर आलो. सासरे रोज सकाळी पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, "पुरतंय की अजून."

सहाव्या दिवशी काम झालं. मला कळतं. काम झालं की हात आपोआप थांबतो. पातं पुसून मी कट्यार त्यांच्या हातात दिली. त्यांनी मुठीपासून टोकापर्यंत अंगठा फिरवला, टोकाशी थांबले.

"अजून थोडं," म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"सगळीकडूनच."

मला नवल वाटलं. दोन हलके घासे मारले. "अजून थोडं." दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारी तेच. माझं डोकं तापायला लागलं. आणखी घासलं असतं तर पुन्हा टोक बारीक झालं असतं, आणि ह्या वेळी मागं यायला शीर उरली नव्हती. शेवटी मी लबाडी केली. ऑइलस्टोन कट्यारीला न लावता व्हाइसच्या जबड्यावर घासला, तसाच आवाज काढत, चांगले वीस-पंचवीस घासे. मग कट्यार सोडवून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी अंगठा फिरवला. अगदी सावकाश.

"हां," ते म्हणाले. "आत्ता जरा फरक पडला. पण अजून आहे."

ज्या अंगठ्याला केसाएवढा उंचवटा कळत होता, तो हे म्हणत होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्याकडे वळलेले नव्हतेच. अंगणात बायको कपडे वाळत घालत होती आणि तिची ती हलणारी आकृती जिथं असेल तिथं त्यांनी चेहरा धरला होता. मी दगडावर उगीचच तेल सोडलं आणि म्हणालो, "हो आबा, आहे अजून."

तेव्हापासून रोज कामावर जाण्याआधी एक तास आणि आल्यावर एक तास मी व्हाइसचा जबडा घासत असे आणि ते तपासत असत. दोघांपैकी कुणी त्यावर एक अक्षर बोललं नाही. बायकोलाही मी सांगितलं नाही. ती बिचारी रोज माझ्या हाताकडे बघायची, काम संपायच्या भीतीनं.

दिवाळी चार दिवसांवर आली. स्वयंपाकघरात चकलीचं पीठ मळता मळता ती तशीच उठून पडवीत आली, हाताला पीठ चिकटलेलं. सासऱ्यांच्या हातात कट्यार होती.

"अहो," ती मला म्हणाली, "दिवाळीच्या आत होईल का हे?"

सासऱ्यांचा अंगठा पात्यावर होता तिथंच थांबला.

"नाही होणार," मी म्हणालो. "बरंच आहे अजून. होळीपर्यंतसुद्धा काही सांगता येत नाही."

पिठाच्या हातांनी तिनं चौकट धरली.

"घाई करायचीच नाही," सासरे म्हणाले. त्यांनी धोतराच्या टोकानं पातं पुसलं आणि कट्यार माझ्या हातात दिली. "आज डावी बाजू घ्या."